साहेबांसाठी आणलेला मासा

रविवारी सकाळी मी अंगण झाडून चुलीवर चहा ठेवायचे आणि आमचे हे मोरीपाशी बसून पट्टीने मासा मोजायचे. मत्स्यशास्त्रज्ञाच्या घरात मोजल्याशिवाय मासा कापायची सोय नव्हती.

काल दुपारी कोयनाकाठचे एक म्हातारे कोळी, ह्यांच्या जुन्या ओळखीचे, ठिपक्यांचा मासा घेऊन साताऱ्याला आले.

"वैनी, सायबास्नी दावा. असला मासा आमी कवा बघितला न्हाई."

हे जाऊन सात महिने झालेत. ते सांगायचं सोडून मी म्हणाले, "ते धरणावर गेलेत. आले की दाखवते."

"व्हय, लय घाई न्हाई," म्हणत ते गेले.

मी असं का बोलले, मलाच कळेना. बिचारे ह्यांच्या उत्तराची वाट बघणार. तुमच्या तोंडून कधी असं निघालंय का?

आज पहिल्या एस.टी.ने त्यांच्या गावी गेले आणि हे गेल्याचं सांगितलं.