मालक आल्याची खूण

मागाखाली कापसाचा भुगा साचतो ना, तसे आमच्या शेडचे किस्से साचलेत. कितीही झाडा, परत तेवढेच! चार जुने दोस्त चहाला बसले की कोणीतरी फुंकर मारतो, आणि मग सगळ्यांच्याच नाकातोंडात जातात.

साखर पेठेतली चादरींची शेड, सत्तरच्या दशकातली. पॉवरलूम सुरू झाले की शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही, म्हणून आमचा सगळा कारभार खुणांवर. चिमटी ओठाला लावली की चहा. बोट हवेत गोल फिरवलं की सगळ्यांना. आणि मिशीला पीळ दिला की मालक आले! कारण दारातून आधी त्यांची मिशी आत यायची, मग ते. मालकांना यातलं काही कळत नाही, अशी आमची पक्की खात्री होती.

*

मग विजेची कपात आली. लाईट कधी जाईल, कधी येईल, काही नेम नाही. पहिल्याच दिवशी अंबादास शेजारच्या मागावरून माझ्या कानाशी तोंड आणून ओरडत होता, "मालकाची मिशी रंगवलेली हाय बे!"

लाईट गेली. सगळे माग एकदम गप्प, अंबादास मात्र चालूच. आणि दारात मालक उभे!

"कुठला रंग, ते पण सांग की," मालक म्हणाले. "बाकीच्यांना आणायला बरं पडंल!"

*

हळूहळू कपातीची सवय झाली. लाईट गेली की जेवण, लाईट गेली की दाढी, लाईट गेली की भांडण. अंबादासनं तर बहिणीच्या साखरपुड्याचा मुहूर्तच तसा ठेवला. पाहुण्यांना म्हणाला, "लाईट गेली की सुरू करू. आमची सगळी शेड येतीय!"

त्या दिवशी लाईट गेलीच नाही! पाहुणे ताटकळले, नवरदेव घामाघूम. शेवटी मालकांनीच शेडचा मेन स्विच खाली ओढला.

"गेली लाईट," ते म्हणाले. "चला आता."

*

एकदा मालक तिरुपतीहून आले ते डोकं गुळगुळीत आणि मिशी गायब! दारावर लक्ष ठेवायला अंबादास होता. त्यानं पाहुण्याला अदबीनं सांगितलं, "मालक न्हाईत, तिरुपतीला गेलेत. बसा की. परसाद आणतील, तुमाला बी मिळंल!"

"आणलाय," म्हणत मालकांनी लाडू त्याच्या हातावर ठेवला.

मग आमची मीटिंग बसली. मिशीच नाही, तर पीळ कशाला? नवी खूण ठरली: डोक्यावरून हात. दुसऱ्याच दिवशी नरसप्पाअण्णाच्या डोक्याला खाज सुटली. त्यानं टाळू चोळली मात्र, अख्खी शेड माना खाली घालून कामाला लागली! बिचारा अण्णा सगळ्यांना विचारतोय, "काय झालं?" कोणी वर बघेल तर शपथ!

*

हा नरसप्पाअण्णा आमचा जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. उभं आयुष्य त्या खडखडाटात गेलेलं. माग चालू असताना आम्ही सगळेच बहिरे, त्यामुळे त्याचे कान कधी गेले ते कोणालाच कळलं नाही. कपातीनं घात केला. लाईट आली की आवाज ऐकून आम्ही आत पळायचो आणि अण्णा कडुलिंबाखाली तसाच बसलेला असायचा.

मालकांच्या लक्षात आलं. "जॉबरला मागाचा आवाज ऐकू यायला पाहिजे," ते आम्हाला म्हणाले. "उद्या लाईट गेली की मी पाठीमागनं हाक मारतो. ओ दिली तर ठीक. न्हाईतर दुसरा जॉबर बघावा लागंल."

आम्ही अण्णाला खुणांनी सांगितलं. तो नुसता हात पुसत राहिला. या वयात त्याला दुसरीकडे कोण ठेवणार होतं? मला फार वाईट वाटलं. मग ठरलं, अंबादासनं अण्णाच्या समोर उभं राहायचं आणि मालकांनी हाक मारली की डोक्यावरून हात फिरवायचा.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली. शेडमध्ये चिडीचूप. मालक अण्णाच्या पाठीमागे येऊन उभे राहिले.

"नरसप्पा!"

अंबादासनं हात फिरवला. पण एकट्या अंबादासवर भरवसा कोण ठेवणार? समोरच्या सगळ्यांनीच डोकी चोळायला सुरुवात केली. मीही चोळत होतो!

अण्णा गर्रकन वळला. "जी मालक!"

मालकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे.

"सगळ्यांना आजच कोंडा झाला व्हय रे?"

 आमचे हात डोक्यावरच राहिलेले.

मालक एक पाऊल पुढे आले, अण्णाच्या अगदी तोंडासमोर. त्यांनी स्वतःच्या गुळगुळीत डोक्यावरून सावकाश हात फिरवला. मग चिमटी ओठाला लावली. मग बोट हवेत गोल फिरवलं.

"आणतो की," अण्णा म्हणाला आणि चहा सांगायला गेला.