दोन शब्दांमधली जागा

कोपरा फाडलेलं कार्ड हातात पडलं तेव्हा मी भंडारदऱ्याजवळच्या माझ्या शाळेत हजेरी घेत होतो. फाटका कोपरा म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर. पाथर्डीचे रंगनाथ मिस्त्री गेले होते, आणि कार्ड माझ्यापर्यंत पोचेतो त्यांचा दहावाही होऊन गेला होता. जिल्हा एकच, पण ते एका टोकाला आणि मी दुसऱ्या... आता महिना उलटला, तरी मला त्यांच्यासाठी धड रडता आलेलं नाही. रडायला बसलो की स्वतःचीच लाज वाटते. ती का, ते एकदा सांगून टाकतो.

पाथर्डीला मी सहा वर्षं मराठी शिकवत होतो. एसटी स्टँडमागे मिस्त्रींचं पत्र्याचं शेड होतं. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करावीत तर त्यांनीच. शिक्षण चौथीपर्यंत, पण इंजिनाला कान लावून डोळे मिटायचे आणि दुखणं सांगायचे. अशा माणसाच्या डोक्यात पुस्तक लिहायचं वेड शिरलं. मिस्त्री प्रत्येक विहिरीवर पोचत नाही, पुस्तक पोचेल, एवढा साधा विचार. ‘इंजिनाचं दुखणं’ हे नावही त्यांचंच. तीन वर्षं ते शाळेच्या वहीत पेन्सिलीने लिहीत होते, आणि ती भाषा शुद्ध करायचं काम मी लाल शाई घेऊन मोठ्या रुबाबात अंगावर घेतलं होतं. आमच्या पेशाला रुबाबाचा तोटा नाही.

बहात्तरच्या दुष्काळात छपाई सुरू झाली. प्रकाशक कोण मिळणार? कागद मिस्त्रींनीच आणून टाकला. नगरचा तो छापखाना एवढासा, शिशाचे टाइप तुटपुंजे. सोळा पानं जुळवायची, छापायची, टाइप सोडवायचे आणि त्यांनीच पुढची सोळा जुळवायची. छापलेलं पान पुन्हा जुळवणं म्हणजे सगळंच पहिल्यापासून. अशी चौसष्ट पानं झाली आणि एक दिवस मिस्त्री शेडमध्ये मांडीवर एक पुस्तक घेऊन बसलेले दिसले. पुण्याहून निघालेलं, ऑइल इंजिनावरचंच, जाड पुठ्ठ्याचं. लिहिणारा इंजिनिअर. एका गिऱ्हाइकाने कौतुकाने आणून दिलेलं.

“आपल्या आदीच निगालं की वो हे, गुरुजी,” एवढंच ते म्हणाले.

मला वाटलं, संपलं सगळं. पण तिसऱ्या दिवशी ते शाळेच्या फाटकाशी उभे. “समदं वाचलं. बरोबर लिवलंय त्यानं. पन त्याच्या पुस्तकातलं इंजान कदी बंदच पडत न्हाई. आपलं पयल्या पानाला बंद पडतंय. म्होरं छापू द्या.” त्या वाक्यासाठी मी त्यांना मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली.

मिस्त्री मूळचे चिकित्सक. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून ते ओळीला ओळ ताडू लागले. त्या रविवारी माझ्या खोलीवर आले ते पांढरेफटक पडलेले. आमचं छापील पान पुढे धरलं. ‘तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतून घ्यावे.’ दुसऱ्या पुस्तकात नेमकं उलट, गार पाणी कधीही ओतू नये. त्या उन्हाळ्यात विहिरी मध्येच उपसून जायच्या, पंपाचं पाणी तुटायचं, त्याच पाण्यावर गार राहणारं इंजिन तापून निघायचं. घाबरून कुणी त्यात गार पाणी ओतलं की इंजिनाचं वरचं झाकण, हेड, तडकायचं आणि उरलंसुरलं पीक उभ्या उभ्या जायचं. आमचं पुस्तक लोकांना तेच करायला सांगत होतं.

“हजारदा सांगितलं आसंल म्या, वतू नगा म्हनून. मग माज्याच हातानं आसं कसं लिवलं, गुरुजी?”

ते गेल्यावर मी वही काढली. मिस्त्रींना शब्द तोडून लिहायची सवय नव्हती. ‘गार पानी वतूनये’, असं सलग. मी ते ‘वतून ये’ असं तोडलं, ‘ये’ म्हणजे ‘घ्ये’च असणार असं धरलं आणि ऐटीत लाल शाईने ‘ओतून घ्यावे’ केलं होतं.

आणि मी गप्प बसलो. आठ दिवस. इतका भित्रा मी पूर्वी कधी नव्हतो. मिस्त्रींनी छपाई थांबवली. शेडवर इंजिन आलं की पाना उचलायचे, खाली ठेवायचे आणि इंजिनवाल्यालाच विचारायचे, “तुला काय वाटतं?” आठव्या दिवशी त्यांच्या मंडळी, सुभद्रावहिनी, शाळेत आल्या. “भावजी, दोन दिस झालं, अन्नाला हात लावला न्हाई. मला कायच येत न्हवतं म्हनत्यात. तुमी शिकल्यालं मानूस, तुमीच समजावा.”

शिकलेलं माणूस! वही घेऊन मी त्यांच्यामागोमाग गेलो आणि मिस्त्रींपुढे ते पान उघडलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं, बराच वेळ काढलाच नाही.

“म्हंजी म्या बरोबर लिवलं हुतं?”

“हो. चूक माझी आहे. आणि मला आठ दिवसांपासून ठाऊक आहे.”

शिव्या मिळतील अशी अपेक्षा होती. ते रडले. हातातल्या तेलकट फडक्यानेच डोळे पुसले, तोंडभर काळं झालं. “लई बरं झालं, गुरुजी, तुमची हाय ती.”

मी शुद्धिपत्र सुचवलं. “इंजान तापल्यावर मानूस मागलं पान उगडीत बसंल व्हय?” म्हणाले. मग त्यांनी छापखान्यातून ते छापील कागद शेडवर आणले. आम्ही दोघांनी एकेकावर ‘ओतून घ्यावे’मधलं ‘न घ्यावे’ खोडून वर ‘नये’ लिहिलं, वहिनींनी ते वाळत घातले. पुढची पानं छापून पुस्तक पुरं झालं. खपलं म्हणावं तर नाही, खपलं ते पुण्याचं. पण मिस्त्रींच्या हातात पाना परत आला. फक्त त्यानंतर ते ‘नये’च्या आधी बोटभर जागा सोडू लागले. “तुमच्यासाटी,” म्हणून हसायचे.

पुढे माझी बदली इकडे झाली. मिस्त्री गेले त्याच्या महिनाभर आधी त्यांचं कार्ड आलं होतं. छातीत दुखतंय, नगरला दाखवलं, काळजी नाही. शेवटची ओळ अशी, ‘गुरुजींनी येवड्या लांबून मुद्दाम येऊ        नये.’ ‘नये’खाली दोन रेघा. ती जागा पाहून मला हसू आलं. परीक्षा तोंडावर होत्या... कार्ड मी टेबलाच्या काचेखाली सरकवलं.

ते अजून तिथेच आहे. त्या दोन शब्दांच्या मध्ये बोट ठेवलं तर नेमकं मावतं. आयुष्यात एकदाच मी त्यांचं लिहिलेलं जसंच्या तसं वाचलं, आणि गेलो नाही.