टाके घातलेली पुस्तकं

रहस्यकथेचं पुस्तक घरात आलं की कमलमावशी आधी सुई-दोरा काढायच्या. अक्षरावर नजर पडू नये म्हणून मान बाजूला वळवून त्या शेवटच्या प्रकरणाची पानं एकत्र धरायच्या आणि कडेनं पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घालून ती बंद करून टाकायच्या. मग पुस्तक उशाशी. रोज निजताना दोन प्रकरणं. टाक्यांपर्यंत पोचलं की एक दिवस विचार करायचा, खुनी कोण ते कागदावर लिहायचं आणि मगच कात्री लावायची. जामबागेतल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर मुलींना शिवण शिकवलं होतं. त्यामुळे टाके असे सरळ, की पुस्तक छापखान्यातूनच तसं आलंय असं वाटावं.

ही सवय काकांमुळे लागली. "आमचे हे शेवटचं पान आधी वाचायचे," मावशी सांगायच्या, "अन् जेवताना सांगून मोकळे. कमल, डॉक्टरनं मारलं बघ! आता असल्या माणसासोबत संसार कसा करायचा, तूच सांग." काका जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी टाके चालूच होते. आता कुणापासून लपवायचं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी नुसता दोरा दातानं तोडला आणि दुसरं पुस्तक हातात घेतलं.

विद्यानगरला त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. माझी आई गेली तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, आणि मला झोप येईनाशी झाली होती. फोन हातात घेऊन नुसती पडून राहायची. महिनाभरानं मावशी एका संध्याकाळी जिना चढून वर आल्या आणि माझ्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवलं.

"अनू, तुझ्या खोलीतला दिवा दोन-दोनपर्यंत जळायलाय. हे घे. दोन प्रकरणं वाच अन् दिवा बंद कर."

"मावशी, झोप येत नाही त्या माणसाला खुनाचं पुस्तक देतात का?"

"हौ, देतात. दुसऱ्याच्या घरातला खून वाचला की आपल्या घरातलं दुःख घटकाभर गप बसतं."

खरी पंचाईत वेगळीच होती. मला मराठी धड वाचताच येत नव्हतं. घरात मराठी बोलायचो, पण शाळा इंग्रजी, गल्ली तेलुगू, आणि देवनागरीशी संबंध हिंदीच्या तासापुरता. पहिल्या रात्री बोट ठेवून वाचत दीड पान गेले आणि चक्क झोपले. सकाळी मी हे कबूल केलं तेव्हा मावशी पोट धरून हसल्या. "तुझ्या चालीनं वाचलं तर खुनी म्हातारा होऊन आपोआप मरेल गं!" पण त्यांना आनंद झाला होता, हे लपत नव्हतं. ते पुस्तक मला तीन महिने पुरलं. तोवर झोप यायला लागली होती.

त्यानंतर दर रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या बाजारात, आमची फेरी ठरलेली. तेलुगू मासिकं आणि परीक्षेच्या गाइडांच्या ढिगाऱ्यातून मावशी मराठी पुस्तक बरोबर हुडकून काढायच्या. एकदा मला धीर धरवला नाही. मी गुपचूप टाके उसवले, शेवट वाचला, पानं पुन्हा शिवून टाकली आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत खुन्याचं नाव सांगितलं. मावशींनी चष्म्यावरून बघितलं. "उसवलंस ना?" मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? "आजवर एकदा तरी बरोबर सांगितलंस का तू?" मग म्हणाल्या, "घाई केलीस. एक दिवस डोक्यात घोळवण्यातच तर मजा असते, पोरी."

काही वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आधी भिंग आलं, मग भिंगही पुरेना. ऑपरेशनचं नाव काढलं की मावशी भिंतीकडे तोंड करायच्या. काका हर्नियाच्या साध्या ऑपरेशनसाठी चालत गेले होते, ते परत आले नव्हते. "दिसत नाही तर नक्को दिसू दे. मी त्या टेबलावर चढत नसते," एवढंच बोलणं. मग रोज नऊ वाजता मी खाली जाऊन वाचायला लागले. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि माझं जोडाक्षर अडलं की स्वतःच पुरं करायच्या. दीड वर्ष असं गेलं. मला ते आवडायलाही लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

एक दिवस त्यांनी उकळता चहा कपाऐवजी हातावर ओतून घेतला. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबलात तर काढणं अवघड होईल. मी विनवलं, रागावले, रडलेसुद्धा. त्या ऐकेनात. तेव्हा आमचं एक नवं पुस्तक शेवटच्या प्रकरणापर्यंत आलं होतं; दिसेनासं झाल्यापासून मावशींचे टाके बंदच होते. त्या दिवशी मी त्यांच्याच डब्यातली सुई घेतली, ती पानं शिवून टाकली आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"पुढचं तुम्ही वाचायचं, मावशी. स्वतःच्या डोळ्यांनी."

त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. "टाके वाकडे आलेत," म्हणाल्या. आणि मग, "घरी जा."

आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हाताऱ्या माणसाचा एवढा एकच विरंगुळा, तोही मी हिरावून घेतला, या विचारानं मला अन्न गोड लागेना. कात्री त्यांच्या हाताशी होती. टाके कापून दुसऱ्या कुणाकडून वाचून घेता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. नवव्या दिवशी कठडा धरत धरत वर आल्या. "डॉक्टरला फोन लाव. कुणी मारलं ते कळल्याशिवाय मी मरत नसते."

त्या मेल्या नाहीत. पुढं चार वर्षं रोज दोन प्रकरणं वाचत राहिल्या आणि गेल्या वर्षी घरच्या घरी, शांतपणे गेल्या. मला झोप त्यांनी दिली, माझी भाषा त्यांनी माझ्या हातात आणून ठेवली. आज मी हे मराठीत लिहितेय, हेसुद्धा त्यांचंच देणं. पण त्यांची आठवण आली की मला तो एकच दिवस दिसतो.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. "नाहीच आले तर पुस्तक तू वाच. अन् मोठ्यानं वाच." दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मावशींनी डोळ्यांची उघडझाप केली, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, खिडकी पाहिली. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, खूप वेळ.

"अगं, किती वाळलीस! अन् केस कधी पांढरे झाले? मला कुणी सांगितलंच नाही."

मी पिशवीतून पुस्तक काढून पुढं केलं. त्यांनी ते बघितलंही नाही.

"राहू दे गं. खुनी कुठं पळून चाललाय? आधी घरी चल, तुला जेवू घालते."