मी वाचले आहे आणि मला मान्य आहे

आजवर इंटरनेटवर जेवढ्या माणसांनी ‘मी सर्व अटी व शर्ती वाचल्या आहेत’ या ओळीपुढच्या चौकोनात खूण केली असेल, त्यांतला खरं बोलणारा माणूस एकच, आणि तो दुर्दैवाने माझ्या बायकोचा मामा आहे. दुर्दैव माझं. मामांना त्यात काहीच वावगं वाटत नाही. मी गोडदेवला राहतो, ते मीरा रोडला, मध्ये शेअर रिक्षाचं अंतर. त्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरला शिंक आली तरी फोन मला येतो. “जावईबापू, मोकळे आहात का? इथे एक चौकट आलीय.” मी ऑफिसातल्या मीटिंगमधून तोंडावर हात धरून कुजबुजतो, “मामा, ‘हो’ दाबा.” पलीकडून एखाद्याने चोरी करायला सुचवल्यासारखा आवाज येतो, “वाचल्याशिवाय?”

मामा चाळीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. लग्नपत्रिका, शाळेची पुस्तकं, संस्थांचे अहवाल, जे छापायला येई ते आधी त्यांच्या लाल पेनाखालून जाई. त्या चाळीस वर्षांत डोळ्यांना एक खोड जडली ती जडलीच. समोर अक्षर आलं की ते वाचल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. भेळेचा कागद, औषधाच्या बाटलीतली घडी घातलेली चिठ्ठी, लिफ्टमधली सूचना, काही सुटत नाही. एकदा काशीमिऱ्याच्या सिग्नलला आमच्या पुढच्या टेम्पोवर ‘सुरक्षीत अंतर ठेवा’ असं रंगवलं होतं. सिग्नल सुटला तसे मामा पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाले, “भैया, जरा नजदीक लो. उसका दीर्घ देखना है.”

अशा माणसाच्या हाती त्यांच्या मुलीनं परदेशी जाताना आपला जुना कॉम्प्युटर दिला. आपण बातमी वाचायला गेलो की मध्ये कुकीची पाटी येते आणि आपण ती माशीसारखी हाकलतो. मामा बातमी सोडून पाटी वाचतात. ‘आम्ही व आमचे भागीदार’ असे शब्द दिसले की भागीदारांची यादी उघडतात. “कोण कोण आहेत ते बघायला नको?” बरं, एखादं पान अर्धं वाचून मिटणं म्हणजे त्यांना ताटात टाकण्यासारखं वाटतं. त्यामुळे त्यांच्या ब्राउझरच्या कपाळावर टॅब इतके दाटलेले असतात की नावं दिसत नाहीत, नुसते कंगव्याचे दात दिसतात. तो डबा दळणाच्या गिरणीसारखा घरघरत असतो. मी विचारलं, “मामा, यातले काही बंद करू?” तर म्हणाले, “कुठले? सगळेच वाचायचे आहेत.”

त्यात हल्ली यंत्राकडून करून घेतलेलं मराठी. विजेचं बिल भरायला बसले असताना मला फोन आला, “जावईबापू, इथे ‘पाठ दाबा’ असं लिहिलंय. कुणाची?” मागे जायच्या बटणाचं ते भाषांतर होतं. मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी त्या पानावरच्या सतरा चुकांची यादी केली, ओळीच्या क्रमांकासकट, आणि ‘आमच्याशी संपर्क साधा’ या जागी व्यवस्थित टंकून पाठवली. उत्तर आलं, ‘अवैध अक्षरे.’ त्या चौकटीला मराठी अक्षरं चालत नव्हती. “मराठीतून मागतात आणि मराठी दिलं की अवैध?” असं म्हणत ते दुपारभर येरझारा घालत होते. मामी सांगते, त्या दिवशी जेवलेसुद्धा अर्धंच.

ओटीपी हा तर मामांचा आणि माझा सामायिक शत्रू. मोबाइलवर निरोप येतो, घड्याळ उलटं धावायला लागतं, आणि मामा चष्मा पुसून पहिल्या शब्दापासून वाचायला घेतात. “प्रिय ग्राहक...” मी ओरडतो, “मामा, फक्त आकडे!” मामा शांतपणे, “येतोय, येतोय. ‘कृपया हा क्रमांक कुणाशीही शेअर करू नका.’ म्हणजे तुम्हालाही सांगता येणार नाही.” तोवर मुदत संपते. ‘मी यंत्रमानव नाही’ हे सिद्ध करतानाही तीच कथा. पूल असलेले चौकोन निवडायचे होते. मामांनी एका चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “याला पूल नाही म्हणत, साकव म्हणतात. निवडायचा का?” आम्ही तीनदा नापास झालो.

मामी याच्या अगदी उलट. ती फोनवर दोन बोटांत भाजी मागवते, औषधं मागवते, कुरियरवाल्याला खिडकीतून “दुसरा माला, लिफ्ट बंद है” असं सांगून मोकळी होते. काहीही विचारलं की हो म्हणते. मामा हवालदिल होऊन विचारतात, “काय लिहिलं होतं त्यात?” मामी म्हणते, “मला काय ठाऊक! हो म्हटलं की जातं ते.”

हे सगळं वर्षानुवर्षं असंच चाललं असतं, आणि मीही कपाळावर हात मारत रिक्षा पकडत राहिलो असतो. पण त्यांच्या मुलीला दिवस गेले. पहिलंच बाळंतपण, तेही परक्या देशात, आणि नवरा सतत फिरतीवर. आईबाबांनी यायलाच हवं होतं. त्यासाठी व्हिसा हवा, व्हिसासाठी मुलाखतीची तारीख हवी, आणि तारखेआधी नऊ पानांचा ऑनलाइन फॉर्म. तो फॉर्म वीस मिनिटं कुणी काही केलं नाही की आपोआप पुसला जायचा. मामा एक प्रश्न वाचून विचार करायला लागले की वीस मिनिटं सहज जायची. ‘तुम्ही कधी दुसरं नाव वापरलं आहे का?’ मामांनी तरुणपणी एका मासिकात टोपणनावाने शब्दकोडी रचली होती. ते नाव घालायचंच म्हणून बसले. ‘तुम्हाला कधी दंड झाला आहे का?’ एकदा पासाची मुदत आदल्या दिवशी संपली होती, भाईंदरला टीसीने धरलं होतं. मी हात जोडले. “मामा, हे त्यांना नको असतं हो.” “मग विचारलं कशाला?” मामी दारात उभी राहून म्हणाली, “घाला, घाला. लग्नाआधी स्थळं किती नाकारलीत तेही घाला.” तो फॉर्म पाच रविवार चालला.

पुढे तारखा. त्या रविवारी सकाळी दहाला उघडायच्या आणि पाच मिनिटांत संपायच्या. दोन रविवार मामा अटी वाचत बसले आणि तारखा गेल्या. तिसऱ्या रविवारी त्यांच्या मुलीचा मला फोन आला. आवाज रडवेला होता. “भावोजी, आज नाही मिळाली तर पुढच्या तारखा बाळ झाल्यावरच्या आहेत. प्लीज, तुम्ही बाबांच्या शेजारी बसा.”

मी साडेनवालाच जाऊन बसलो. मामी देवापुढे निरांजन लावून आली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. दहाला तारखा उघडल्या. मी एक निवडली. लगेच पडदाभर बारीक अक्षरांतल्या अटी उमटल्या आणि तळाशी ते वाक्य. मामांनी चष्मा वर सरकवला. “थांबा हं.” कोपऱ्यातलं घड्याळ चार मिनिटं दाखवत होतं, मग तीन. मामा दुसऱ्या परिच्छेदावर होते. दोन मिनिटं राहिली. मामीचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर आवळलेला मला कळत होता. मी मामांच्या हातावरून हात घातला, माउस घेतला, खूण केली आणि बटण दाबलं. हिरवी पाटी आली. तारीख मिळाली होती.

मामी “मिळाली गं बाई!” म्हणत मुलीला फोन लावायला धावली, जाता जाता माझ्या तळहातावर साखर ठेवून गेली. मी मामांकडे पाहिलं. ते पडद्याकडेच बघत होते.

“जावईबापू,” ते म्हणाले, “त्या वाक्यात ‘मी’ कोण?”

“मामा, वेळ संपत होता...”

“वेळ नेहमीच संपत असतो.” आवाज चढलेला नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. मग, लग्नाला सोळा वर्षं होऊनही मला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्यांनी सांगितली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका साप्ताहिकाचा अंक छापायचा होता. जुळवलेल्या पानांचा फर्मा मशीनवर चढला होता, मालक दारातून ओरडत होते, “सही करा हो, वाचताय काय!” मामांनी एका पानावर न वाचता सही केली. त्या पानावर एक निधनवार्ता होती. वारला होता धाकटा भाऊ, नाव छापलं गेलं थोरल्याचं. थोरल्याची बायको बाळंतपणासाठी माहेरी कोकणात होती. तिथे कुणीतरी तिला तो अंक दाखवला. खरं कळेपर्यंत दोन दिवस गेले. “तो थोरला स्वतः छापखान्यात आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, तिनं बांगड्या फोडल्या हो. मालकांनी पुढच्या अंकात दिलगिरी छापली. ती मी चार वेळा वाचली. काय उपयोग?”

साखर तळहातावर चिकट व्हायला लागली होती. मी म्हणालो, “चुकलो मामा. पण मी पुन्हाही हेच केलं असतं.” मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “ते कळलं मला. म्हणून तर ओरडलो नाही.”

त्यांनी त्या अटी छापून आणल्या आणि दोन दिवस वाचल्या. तिसऱ्या दिवशी फोन आला. अर्ज भरायला कुणी मदत केली असेल तर तसं कळवावं, अशी अट होती. फॉर्म दुरुस्त करायचा तर तारीख रद्द होणार होती. मामी मागून ओरडत होती, “लेकीकडे मी जाणार म्हणजे जाणार! तुमचं शुद्धलेखन ठेवा इथेच!” मामा दोन घास कमी जेवून एका निर्णयाला आले. फॉर्मला हात लावायचा नाही. मुलाखतीत तोंडाने सांगायचं. “मामा, असं करू नका, व्हिसा नाकारतील,” मी रिक्षात बसून त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. माझी बायको सांगून आली. काही उपयोग झाला नाही.

मुलाखतीच्या खिडकीपाशी काय झालं ते मामी मोठ्या रंगात सांगते. अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी जाताय? मामी म्हणाली, मुलीचं बाळंतपण. तेवढ्यात मामांनी हात वर केला, वर्गात करतात तसा, आणि आपल्या छापील इंग्रजीत सांगितलं, “महोदय, अटी मान्य असल्याची खूण माझ्या भाचजावयांनी केली, मी केली नाही. मात्र त्यानंतर मी सर्व अटी वाचल्या. त्या मला मान्य आहेत. चौदाव्या कलमात एक शब्द दोनदा पडला आहे.” मामी म्हणते, तिने डोळे मिटून घेतले होते. अधिकाऱ्याने स्वतःच्या पडद्यावर ते कलम काढलं, वाचलं, शेजारच्या खिडकीतल्या बाईंना दाखवलं, आणि दोघंही हसली. आठवड्याने पासपोर्ट घरी आले. आत दोन्ही व्हिसे होते. मामांनी तेही शेवटपर्यंत वाचले.

त्यांना जाऊन आता चार महिने झाले. नात झाली, दोघी ठणठणीत आहेत, आणि माझे रविवार मोकळे आहेत. चौकट आल्याचे फोन येत नाहीत. मी मीटिंगमध्ये स्वस्थ बसतो, आणि मोबाइल थरथरला की उगाच नाव बघतो.

गेल्या रविवारी सकाळी मामांचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती. आवाज एकदम हलका, जवळजवळ श्वासासारखा. “जावईबापू, हळू बोलतोय हं. मांडीवर आहे ती, आत्ताच डोळा लागलाय.” मग इकडचं तिकडचं झालं, थंडी, मामीचे गुडघे, डिंकाचे लाडू. आणि मध्येच म्हणाले, “काल ही अशीच मांडीवर होती, मी मुलीच्या टॅबवर हिचे फोटो बघत होतो. एक चौकट आली. चष्मा लांब टेबलावर. हललो असतो तर ही उठली असती. दाबलं.”

“काय दाबलं?”

“हो दाबलं. न वाचता.”

मी हसायला हवं होतं. इतकी वर्षं याच दिवसासाठी तर मी डोकं आपटत होतो. पण हसू काही आलं नाही.

“कशाबद्दल होतं कुणास ठाऊक,” मामा म्हणाले. “चुकलं का हो माझं?”

“नाही मामा,” मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. बराच वेळ त्या लहानग्या झोपेचा बारीक आवाज तेवढा ऐकू येत राहिला.