हिचंच औषध द्या की

मी कोल्हापुरात एका प्रयोगशाळेत शेवग्याच्या पाल्याचा अर्क वापरून चांदीचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, बनवते. ते कॅन्सरच्या पेशी मारतात का, हे आम्ही तपासतो. पाला आई द्यायची, परसातल्या झाडाचा, धुऊन सावलीत वाळवलेला. शिवाजी पेठेत ती सगळ्यांना सांगायची, "माझी पोरगी कॅन्सरचं औषध करती." मला ते ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मी तिला कधी थांबवलं नाही.

गेल्या वर्षी आईच्याच स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर केमोबद्दल समजावू लागले, तशी ती हसली.

"त्ये कशाला? हिचंच औषध द्या की. पाला माझ्याच झाडाचा हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले.

"आई, ते अजून माणसाला देत नाहीत. काचेच्या ताटलीतल्या पेशींवरच बघतोय आम्ही."

"म्हंजे कुणालाच दिल्यालं न्हाय?"

"नाही."

पदर सावरत ती डॉक्टरांना म्हणाली, "मग तुमचंच द्या. मला काय ठावं नव्हतं." चूक माझी होती आणि ओशाळली ती. मला मान वर करवेना.

केमो, ऑपरेशन सगळं झालं. आई आता बरी आहे. परवा शेजारच्या काकींनी विचारलं, "लेकीच्या औषधानंच बरी झालीस न्हवं?" माझी अब्रू राखायला आई "व्हय" म्हणाली.

"नाही काकी, केमोनं," मी म्हणाले. "माझं औषध अजून झालेलंच नाही."

आईनं रागानं माझ्याकडे बघितलं.