ते एकच आहेत

शांतवन मास्तर आपल्या बैलालाही अहो म्हणत. छकडा एका बैलाचा, आणि त्याला जुंपताना हे म्हणणार, "चला आता, ऊन चढून राह्यलं." मेडशीतली माणसं हसत. आमच्याकडे घरात बापालासुद्धा अरे-तुरे चालतं, तिथे बैलाची काय कथा! पण मास्तरांना अर्धं आयुष्य गावानं 'ए' म्हणूनच हाक मारलेली. "मले जे भेटलं नाही, तेच वाटून राह्यलो," एवढंच ते सांगत. प्रार्थनेत सगळे देवाला तू म्हणत, मास्तर मात्र तुम्ही.

ते मिशनचे उपदेशक होते. मी वाशीमला त्याच मिशनच्या शाळेत शिक्षक; मलाही ते अहोच म्हणत. सुट्टीत मी त्यांच्या छकड्यातून हिंडायचो, म्हणून त्यांची शिकवण मी ऐकलेली आहे. देव एक, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे तिघं, हे कोड्यात पडलेल्या मेडशीच्या काशीबाईला त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं.

"काल तुमच्या घरी कोन आले होते?"

"जावई आले."

"किती?"

"एकच. माही पोरगी एकच हाय न."

"मंग 'आला' काहून नाही म्हनत?"

"जावई हाय, मास्तर. त्याले मान द्या लागते."

"म्हंजे शब्द बहुतांचा अन मानूस एक. देवाले 'ते' म्हनतो, तवा मले हेच आठवते. फक्त तिथं ते नुसतं मानापुरतं नाही. तिघं खरेच हायेत, अन तरी एकच. याच्यापुढं मलेबी समजत नाही. समजलं असतं त देव माह्या थैलीत मावले असते."

काशीबाई उठून आत गेली. मग तिने मास्तरांना पाणी दिलं. मला विचाराल तर यापेक्षा चांगलं प्रवचन मी पुढे कुठल्याही चर्चमध्ये ऐकलं नाही.

मास्तरांना पाळकाची दीक्षा हवी होती, ती मानासाठी नव्हे. त्यांची धाकटी मुलगी तापाने गेली, तेव्हा बाप्तिस्मा द्यायचा अधिकार उपदेशकाला नव्हता, आणि वाशीमहून पाळक यायला आठवडा लागला. तोवर तिला पुरून झालं होतं. खेड्यातल्या दुसऱ्या कुणावर ही पाळी येऊ नये, एवढं एकच त्यांच्या मनात होतं.

परीक्षा घ्यायला मिशनचे नवे गोरे साहेब आले. त्यांना मराठी येत नव्हती, म्हणून दुभाषी मी. त्यांनी त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता-पुत्र-आत्म्याबद्दल, विचारलं. मास्तर उभे राहिले, आणि साहेबांसमोर जमेल तितकं शुद्ध बोलले, "ते एकच आहेत."

मी इंग्रजीत 'ते'चं सरळ अनेकवचन केलं. 'एकच' सांगायच्या आतच साहेबांनी मान वर केली आणि मला विचारलं, "म्हणजे हा तीन देव मानतो?"

मला सगळं समजलं होतं. मराठीत एकाच माणसालाही मानाने 'ते' म्हणतात, इंग्रजीत तसं म्हणता येत नाही, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण त्याच आठवड्यात मला हेडमास्तर करायचं घाटत होतं, आणि साहेबांपुढे माझं इंग्रजी चुकलं असं मला दिसू द्यायचं नव्हतं. मी म्हणालो, "तो तसंच म्हणतो आहे." इतका भेकड मी त्याआधी कधी झालो नव्हतो.

नकाराचं पत्र इंग्रजीत आलं. ते वाचून घ्यायला मास्तर छकडा घेऊन माझ्याचकडे आले. मी वाचलं: उमेदवार तीन देव मानतो, दीक्षेस अपात्र, यापुढे शिकवू नये.

मास्तरांनी पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.

"मी 'ते एकच' म्हनलो होतो. याच्यात 'एकच' कुठी हाय?"

 हेडमास्तरच्या खुर्चीत बसून मला तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

"तुले समजलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "काशीबाईले सांगतलं तवा तू तिथंच बसला होता."

नंतर त्यांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन बैलाला म्हणाले, "चला, घरी जाऊ."

त्या दिवसापासून मरेपर्यंत मास्तर जगाला अहो म्हणत राहिले. अरे फक्त मला.