दयानंदअण्णा खुर्चीवरून उठले तेव्हा

दयानंदअण्णा बंगळुरात के. आर. पुरमला आमच्याच गल्लीत राहतात. होसकोट्याच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. आमची कावेरी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला गेल्यापासून दर रविवारी तिला समोर बसवून मुलाखतीची तालीम घ्यायचे. तिनं गुळमुळीत उत्तर दिलं की म्हणायचे, "स्वल्प थांब. नीट विचार कर, मग बोल." दोनदा तर पोर रडत घरी आली. मला वाटायचं, एवढा छळ कशाला? वरच्या साहेबाच्या कानावर घातलं की झालं काम. आमच्या लोकांत नोकऱ्या अशाच लागत आल्यात.

मग त्यांच्याच कारखान्यात जागा निघाली. एकच. ती हुकली तर पोरीला माझ्यासारखं गारमेंटमध्ये शिलाई मशीनवर बसावं लागणार होतं. तिथं एकदा शिरलं की बाहेर पडणं होत नाही, मला विचारा.

मुलाखतीला मी सोबत गेले, बाहेर बाकावर बसले. खोली काचेची. आत तिघंजण, मधल्या खुर्चीत आमचे अण्णा. हुश्श, म्हटलं, सुटलो.

कावेरी आत गेली आणि अण्णा उठले. शेजारच्या दोघांशी काहीतरी बोलले नि सरळ बाहेर आले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अण्णा, पोरीला वाऱ्यावर सोडलंत?"

"मीच शिकवलेल्या पोरीला मीच कसे गुण देऊ, अक्का?"

"मग हे आधी नाही सांगायचं?"

"सांगितलं असतं तर ती रात्रभर झोपली नसती."

मी तोंड फिरवलं. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. आत काय बोलतायत ते ऐकू येत नव्हतं. एका प्रश्नाला कावेरी गप्प झाली. दोघांतल्या एका साहेबानं घड्याळ पाहिलं. वाटलं, गेली जागा. तेवढ्यात तिनं समोरचा कागद ओढला आणि त्यावर काहीतरी आखत बोलायला लागली. ते दोघं पुढं वाकून बघायला लागले.

अण्णांकडे पाहिलं, तर त्यांचे ओठ हलत होते आणि शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. हा माणूस माझ्याहून जास्त घाबरलाय, हे बघून माझा राग कुठल्या कुठं गेला.

संध्याकाळी फोन आला. जागा कावेरीला मिळाली.

आता शेजारची गंगव्वा डोळे मिचकावत विचारते, "अण्णांनी लावली ना नोकरी?"

मी सांगते, अण्णा माझ्या शेजारी बाकावर बसले होते. आत माझी पोर एकटी होती.